डाव्या हाताला आळशी, उजव्या हाताला पळपुटी

ते घड्याळ माझ्या घरी आलं तेव्हा मी तरुण होते. साठी नुकतीच उलटलेली, गुडघे शाबूत, अक्कल अजून यायची होती. आता सत्तरीला टेकल्यावर त्या बाईकडे पाहिलं की वाटतं, हिला आधी दोन थापडा द्याव्या आणि मग पोटाशी धरावं. पण आधी थापडाच.

माझा पोरगा नागपूरला नोकरीला आहे. दिवसभर कॉम्प्युटरसमोर बसून तो काय करतो हे त्याने मला अनेकदा समजावलं आहे आणि मी दर वेळी "अस्सं का" म्हटलं आहे. त्याचे वडील गेले तेव्हापासून त्याचं एकच पालुपद होतं. "आई, शेती ठेक्यानं दे अना नागपूरले चाल."

आमचं गाव सानगडीकडचं. धानाच्या थोड्या बांध्या, तळ्यासारखी एक बोडी, घराशेजारी जाऊचं घर. यात सोडून जाण्यासारखं काय आहे, असं कोणी विचारलं तर मला सांगता येत नाही. नागपूरच्या फ्लॅटात काय आहे ते मात्र सांगता येतं. मी तिथं काही दिवस राहून आले होते. तिथं फ्रिजचं दार जरा उघडं राहिलं की फ्रिज ओरडतो. कपडे धुऊन झाले की मशीन गाणं म्हणते. भात झाला की भाताचा डबा टुणटुण करतो. माणसं तेवढी गप्प असतात. पोरगा आपल्या मोबाइलमध्ये, सून तिच्या मोबाइलमध्ये, आणि मी फ्रिजचं दार मुद्दाम उघडं ठेवून बसलेली, कोणी तरी बोलावं म्हणून.

तेव्हा नागपूर नको, एवढं माझं पक्कं होतं. बरीच भांडणं झाल्यावर आमच्यात तह झाला. मी गावातच राहायचं, रोवणीलाही जायचं. त्या बदल्यात त्याने दिलेलं घड्याळ रात्रंदिवस मनगटावर बांधायचं. माझी नाडी, माझी झोप, माझं चालणं, सगळं ते घड्याळ मोजणार आणि नागपुरात त्याच्या मोबाइलवर दाखवणार. आणि एकदा जरी गडबड दिसली तर सामान भरायचं.

"एकदा म्हणजे एकदा, आई."

"हो रे बाप्पा. एकदा."

एवढी कडक अट आणि ती बाई खुशीत! कारण तिला घड्याळ मिळालं होतं. काळं, चौकोनी, हात वळवला की आपोआप उजेड पडणारं. एरवी पदर दोन्ही खांद्यांवरून घेणारी मी, पण त्या आठवड्यात माझा डावा हात पदरात मावेना. सानगडीच्या बाजारात मी वांगी डाव्या हाताने निवडली, टमाटे डाव्या हाताने दाबून पाहिले, मिरच्याही डाव्याच हाताने उचलल्या. भाजीवाला बिचारा काळजीने म्हणाला, "मावशी, उजवा हात दुखून राहिला का? राहू द्या, मी टाकून देतो."

घरात धड चालणारा प्लग एकच, देव्हाऱ्याच्या बाजूला. म्हणून घड्याळाची चार्जिंग देवांच्या पुढ्यात. रोज सकाळी अंघोळ करून मी दिवा लावायची तेव्हा मधोमध हे आपलं लुकलुकत पडलेलं. एकदा जाऊ साखर मागायला आली. ही माझी धाकटी जाऊ. जीभ अशी की शेतातला विळा लाजावा. ती दारातच थबकली.

"बाई, नवा देव बसवला का?"

"देव कायचा वो, घडी हाय. पोट्ट्यानं पाठवली."

"मंग अगरबत्ती तिच्याकडं तोंड करून काहून लावली?"

मी अगरबत्ती गणपतीकडे वळवली. पण खरं सांगायचं तर त्या दिवसांत मी गणपतीपेक्षा घड्याळाला जास्त घाबरायची.

झोपेचंच घ्या. पूर्वी सकाळी जाग आली की मी उठायची, खराटा घ्यायची. झोप लागली की नाही हा प्रश्नच नव्हता, जाग आली म्हणजे आधी झोप लागलीच असणार. आता डोळे उघडले की मी आधी घड्याळाला विचारायची, मी झोपले होते का? ते कधी हसरं तोंड दाखवायचं, कधी रडकं. हसरं दिसलं की मी टुणकन उठायची. रडकं दिसलं की तेवढ्यात अंग मोडून यायचं, डोकं जड व्हायचं आणि मी जाऊला हाक मारून सांगायची, "आज मले बरोबर झोप नाई झाली वो." ती म्हणायची, "तुमचं घोरनं माह्या घरापर्यंत येत होतं." पण ती पडली अडाणी, घड्याळाला थोडीच तिच्याएवढं कमी कळतं!

मग रोवणी लागली.

रोवणी ज्यांनी केली नाही त्यांच्यासाठी सांगते. परे टाकून वाढवलेली धानाची रोपं उपटायची, त्यांच्या पेंड्या बांधायच्या, आणि चिखल केलेल्या बांधीत ओळीने उभं राहून, कमरेत वाकून, मागे मागे सरकत ती लावत जायची. डाव्या हातात पेंडी, तो हात गुडघ्यावर टेकलेला. उजवा हात पेंडीतून चार काड्या ओढतो आणि चिखलात खोचतो. ओढ, खोच. ओढ, खोच. दिवसभर. आमच्याकडे बाया एकमेकींच्या शेतात जातात. आज तुझी बांधी, उद्या माझी. संध्याकाळी कंबर सरळ करताना प्रत्येकीच्या तोंडून निघणारा आवाज वेगळा असतो आणि अंधार पडला तरी कोण उभी राहिली ते ओळखू येतं.

पहिल्याच दिवशी, ऊन डोक्यावर आलेलं, पाठीचा कणा तुटायला आलेला, आणि डाव्या मनगटावर घड्याळ थरथरलं. पोराने ते माझ्यासाठी मराठीत करून दिलं होतं. मराठी मात्र सरकारी कचेरीतली. मी वाचलं आणि वाचायला नको होतं तेही मोठ्याने: "आपण बराच वेळ बसून आहात. कृपया उठून थोडी हालचाल करा."

सगळी ओळ थांबली.

"काय म्हनते?" जाऊने विचारलं.

"म्हनते, बसून आहात."

"कोन? आपन?" ती कमरेवर हात देऊन सरळ झाली. "तिले म्हना, ये खाली. एक घंटा वाक. मंग कोन बसून हाय ते सांगतो."

"थंडं पानी पाजा वो तिले," दुसरी ओरडली, "ऊन लागलं दिसते!"

बाया हसून हसून चिखलात बसायच्या बाकी होत्या. मी मात्र हसले नाही. मला काळजी लागली. कारण घड्याळाला दिसेल तेच नागपुरात दिसणार होतं, आणि डावा हात गुडघ्यावरून हलत नव्हता. संध्याकाळी फोन आलाच.

"आई, आज दिवसभर झोपून होती का? काही दुखून राहिलं का?"

"रोवणी केली रे दिवसभर."

"पन इथं तं काहीच दिसून नाई राहिलं."

"तुह्या तिथं नाई दिसत. माह्या कमरेत दिसते."

"आई, खरं सांग. तब्येत लपवत तं नाई न?"

आता शहाण्या बाईने काय केलं असतं? फोन ठेवला असता आणि पाठीला तेल लावून घेतलं असतं. या बाईने काय केलं? दिवसभर रोवणी करून, जेवणाआधी, डांबरी रस्त्यावर फिरायला गेली! साकोलीच्या दिशेने, दोन्ही हात जोरजोरात हलवत, परेडवर निघाल्यासारखी. ज्या बाया मघाशी तिच्यासोबत वाकल्या होत्या त्या दारात पाय पसरून बसल्या होत्या.

"बाई, काही हरपलं का?"

"नाई वो, चालून राहिली."

"कुठं?"

"कुठं नाई. नुसती."

'नुसती' म्हटल्यावर त्यांनी एकमेकींकडे पाहिलं. आमच्या गावात नुसतं चालणारं माणूस म्हणजे एक तर भांडून निघालेलं नाही तर बाधलेलं. गल्लीतली कुत्रीसुद्धा थोडं अंतर माझ्या मागे आली आणि काही अर्थ नाही असं ठरवून परत गेली.

दुसऱ्या दिवशी मी युक्ती केली. घड्याळ उजव्या हाताला बांधलं. पाण्याने त्याला काही होत नाही असं पोराने सांगितलंच होतं. आता उजवा हात म्हणजे ओढ, खोच, ओढ, खोच. घड्याळ खूळ लागल्यासारखं मोजायला लागलं. प्रत्येक खोचणं त्याला एक पाऊल. दुपारचा डबा खायच्या आतच त्याच्यावर फटाके फुटले, रंगीबेरंगी चांदण्या उडाल्या. "अभिनंदन!" मी हरखून सगळ्यांना दाखवलं. संध्याकाळी फोन.

"आई! कुठं पळून राहिली तू?"

"मी? बांधीतच होती."

"बांधीत? एवढं तं मानूस भंडाऱ्याले पायी जाऊन वापस येते! गुडघ्यांची वाट लावशीन. उद्यापासून रोवणी बंद!"

म्हणजे डाव्या हाताला मी आळशी, उजव्या हाताला पळपुटी. मधली, जशी आहे तशी बाई, त्या यंत्राला दिसायची काही सोयच नव्हती. शेवटी मी दिवस वाटून टाकला. जेवणापर्यंत घड्याळ डाव्या हाताला, जेवणानंतर उजव्या. सकाळी आळशी, दुपारी पळपुटी, आणि दोन्ही मिळून नागपुरात एक आदर्श, निरोगी, बेताने चालणारी आई. पोराने फोनवर शाबासकी दिली. "असंच राहू दे, आई. पूर्न हिरवं दिसून राहिलं."

आणि ती मूर्ख बाई सुखावली. ज्या बांधीत तिने रोपं लावली ती डोळ्यांसमोर हिरवी होत होती, तिचं तिला काही नाही. मनगटावरचं वर्तुळ हिरवं झालं म्हणून ही पोरीसारखी खुश.

ती एकटीच अशी होती असं नाही. त्याच साली आमच्यातल्या एका सुनेने गाण्यांचा छोटा डबा आणला, मोबाइलवरून वाजणारा. तो प्लास्टिकच्या पन्नीत गुंडाळून बाभळीला टांगला. पूर्वी बाया स्वतः गाणी म्हणायच्या. एक सांगायची, बाकीच्या ओढायच्या, आणि गाण्यात त्या दिवशीच्या मालकिणीचे वाभाडे निघायचे. आता डबा गायला लागला. मला ते फार आधुनिक वाटलं. लग्नाच्या वरातीतली धडाधड गाणी लागली आणि हातही धडाधड चालायला लागले. मालकीण म्हणून मी धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, उभी राहून कौतुकाने पाहत होते. दोन दिवसांचं काम दिवसात उरकेल! संध्याकाळी बांधीत पाणी सोडलं तर अर्धी रोपं तरंगायला लागली. गाण्याच्या तालावर नुसती टेकवलेली, खोल खोचलेली एकही नाही. जाऊ म्हणाली, "बाई, धान नाचून राहिलं तुमचं." दुसऱ्या दिवशी तीच बांधी पुन्हा रोवली. डबा बंद करून.

असे करत करत आमच्या शेताचा शेवटचा दिवस आला.

आमच्या गावची रीत अशी की रोवणीची शेवटची पेंडी संपली की बाया मालकाला चिखलात लोळवतात. त्या दिवशी धुऱ्यावर जो पाय ठेवील त्याला चिखल लागतो, मग तो कोणी का असेना. रागवायचं नाही. मालकाने अंग धुवायचं आणि बायांना मटण-भात जेवू घालायचा. आमचे हे होते तोवर चिखल त्यांचा आणि चूल माझी. ते गेल्यावर बायांनी माझी आब राखली, नुसता कपाळाला बोटभर चिखल लावून सोडत होत्या. त्या साली मात्र जाऊने बांधीच्या मधोमध उभं राहून जाहीर केलं, "किती दिवस सोडाच्या? मालक आता बाईच हाय!"

मी पळाले. पळाले म्हणजे गुडघाभर चिखलात जेवढं पळता येतं तेवढं. चौघी-पाचजणींनी धरलं, कोणी पाय ओढला, आणि मी पाठीवर पडले. चिखल ऊन ऊन होता. डोळ्यांसमोर नुसतं आभाळ. तोंडावर, केसांत, कानात चिखल, आणि मला इतकं हसू येत होतं की उठता येईना. हे गेल्यापासून मी तशी हसले नव्हते. जाऊसुद्धा माझ्या अंगावर पडली आणि आम्ही दोघी म्हशींसारख्या लोळलो.

तेवढ्यात मनगट थरथरलं.

चिखल बोटाने बाजूला केला. "आपण पडला आहात असे दिसते. आपण ठीक आहात का?" खाली दोन चौकोन. एकात 'ठीक आहे', दुसऱ्यात 'मदत हवी'. मी 'ठीक आहे' दाबलं. काही झालं नाही. बोटाला चिखल. बोट लुगड्याला पुसलं, लुगडं चिखलाचंच. पुन्हा दाबलं. दोन बोटांनी दाबलं. मग नाकाच्या शेंड्याने दाबायला गेले, तर नाक तरी कुठं माझं राहिलं होतं? घड्याळ काही वेळ वाट पाहत राहिलं आणि मग म्हणालं, "मदतीसाठी संदेश पाठवला आहे."

"आता काय म्हनते?" जाऊ अजून हसतच होती.

"म्हनते, संदेश पाठवला."

"कोनाले?"

माझं हसू तिथंच गोठलं. एकदा म्हणजे एकदा, असं ठरलं होतं. ती एक वेळ झाली होती, आणि तीही मी आनंदाने लोळत असताना.

मोहाच्या झाडाखाली डब्यांच्या टोपलीत माझा फोन वाजायला लागला. मी धडपडत धुऱ्यावर आले. पन्नीतून फोन काढला. पोराचं नाव दिसत होतं. हिरवं बटन ओढायला गेले, बोट घसरलं. पुन्हा ओढलं. फोन वाजून थांबला, परत वाजला. "मी उचलतो," जाऊ म्हणाली. तिचेही हात कोपरापर्यंत चिखलाचे. एकामागून एक बाया आल्या. सगळ्या गावाची रोवणी उरकणाऱ्या त्या बाया, आणि एकीचंही एक बोट कोरडं नाही. फोन वाजतोय, आम्ही सगळ्या त्याच्याभोवती वाकून उभ्या, आणि कोणी त्याला काही करू शकत नाही. मी बोडीकडे धावले, हात धुतले, पदराचा एक कोरडा कोपरा शोधून पुसले. परत येईपर्यंत त्याने एवढे फोन केले होते की माझा फोन मेला होता.

"माह्या फोनवरून लावा," एक जण म्हणाली. "नंबर सांगा."

नंबर! एके काळी मला अख्ख्या नात्यातले नंबर पाठ होते. सानगडीच्या दुकानाचा, माहेरच्या शेजाऱ्यांचा, लाईनमनचा. आता पोटच्या पोराचा नंबर मला येत नव्हता. तो फोनमध्ये होता, आणि फोन मेलेला. घड्याळ मात्र चालू होतं. माझी नाडी वाढली आहे, शांत बसून दीर्घ श्वास घ्यावा, असं ते मला सुचवत होतं.

आम्ही अंग धुवायच्या आतच रस्त्याकडून भोंगा ऐकू आला. अँबुलन्स रस्त्यावर उभी करून ड्रायव्हर आणि एक तरुण नर्सबाई धुऱ्याधुऱ्याने पळत येत होते. त्यांच्यापुढे चिखलाच्या एकसारख्या दिसणाऱ्या बायांचा घोळका.

"पेशंट कोन हाय?" ड्रायव्हरने विचारलं.

"मीच," मी म्हटलं.

"पडल्या तुमी?"

"पडली नाई. पाडलं."

"कोनी पाडलं?"

सगळ्यांनी हात वर केले.

त्याला रीत समजावून सांगेपर्यंत एकीने त्याच्या कपाळाला चिखल लावला. नर्सबाई हसली, तिने आपणहून कपाळ पुढे केलं. तो नाही हसला. कपाळ पुसत म्हणाला, "काकू, ह्या वेळी कोनाचा खराच जीव जाऊन राहिला असता, तं मी कोनाकडं असतो? तुमच्या खेळात."   त्याचं म्हणणं खरंच होतं, आजही मला तसंच वाटतं.

अँबुलन्स पोरानेच नागपुरातून बोलावली होती, म्हणून नर्सबाईकडे त्याचा नंबर होता. तिने भल्या मनाने त्याला फोन लावला आणि म्हणाली, "काळजी करू नका. पेशंट शुद्धीवर आहे." शुद्धीवर आहे म्हणजे मघाशी नव्हती, असं पोराने धरलं. तो नागपूरहून निघालेला होताच. आता तर त्याने गाडी उडवतच आणली असणार.

तो पोचला तेव्हा बाया धुऊन-पुसून माझ्या अंगणात जेवायला बसल्या होत्या आणि मी रश्शाचं पातेलं घेऊन वाढत होते. तो फाटकात उभा राहिला. शर्ट घामाने अंगाला चिकटलेला, चेहरा पांढरा. "आई," एवढंच म्हणाला. जवळ येऊन त्याने माझे हात पाहिले, डोकं चाचपलं, लहानपणी मी त्याचं पाहायची तसं.  पण तेवढ्यात त्याला राग आला.

"सामान भर."

"अरे, जेवन तं कर..."

"सामान भर, आई. एकदा म्हनलं होतं. शेती यंदाच देऊन टाकू ठेक्यानं."

तो घरात गेला आणि माळ्यावरची बॅग त्याने स्वतःच खाली ओढली. अंगणात कोणाचा घास तोंडात, कोणाचा हातात. मी पातेलं खाली ठेवलं. जे मी एवढे दिवस, डावा हात-उजवा हात करत वाचवलं होतं, ते त्या बॅगेत चाललं होतं: बांध्या, बोडी, आणि या जेवणाऱ्या बाया. आणि माझ्याकडे सांगण्यासारखं काय होतं? की मी हसत होते म्हणून पडले?

जाऊ हात न धुताच उठली. "काय गा," ती त्याला म्हणाली, "घडीवर एवढा भरोसा, तं ते हाताले बांधाची मशीनबी तुनंच आनली न? मांग दिवाळीले? लाव आपल्या मायले. बिमार निघाली तं मीच बॅग उचलून देतो."

बीपीचं यंत्र त्यानेच आणलेलं. त्याने मला बाजेवर बसवलं, बोलू नको म्हणाला, पट्टा गुंडाळला. पट्टा फुगला, उतरला, आकडा आला. तो आकडा पाहत राहिला. पुन्हा लावला. मग यंत्रातले सेल बदलले, आणि तिसऱ्यांदा लावला. दर वेळी तोच, एखाद्या पोरीचा असावा असा आकडा.

"मशीन बिघडली वाटते," तो म्हणाला.

"मंग आता तुले लावून पाय," जाऊ म्हणाली. "बिघडली की नाई ते समजन."

त्याने कंटाळून स्वतःच्या दंडाला पट्टा लावला. यंत्र घुरघुरलं आणि थांबलं. मला आकड्यांतलं तेवढंच कळायचं जेवढं त्याने शिकवलं होतं, पण तेवढं पुरेसं होतं. त्याने पट्टा काढला, दुसऱ्या दंडाला लावला. मग पाणी पिऊन लावला. मग बाजेवर आडवा पडून. दर वेळी आकडा मला भिववणारा.

"गाडी चालवत आलो न," तो म्हणाला. "आन् मशीन बिघडलीच हाय."

मी एवढे दिवस त्याच्या यंत्रांचा शब्द खाली पडू दिला नव्हता. घड्याळ माझ्याबद्दल बोललं तेव्हा खरं, हे यंत्र त्याच्याबद्दल बोललं तेव्हा बिघडलं. मी त्याच्याकडे पाहिलं आणि त्याच्या जागी मला ती दिसली, अगरबत्ती लावणारी. आमच्या घराण्याचंच असावं.

सकाळी त्याला गाडी चालवू न देता, भाड्याच्या गाडीने मी त्याला साकोलीला डॉक्टरकडे नेलं. डॉक्टरांच्या यंत्रावरही तोच आकडा. त्यांनी विचारलं, बसून किती वेळ काम करता, झोपता केव्हा, डोकं दुखतं का. तो उत्तरं देत होता आणि मी बाजूला बसून ऐकत होते. डोकं त्याचं किती तरी दिवसांपासून दुखत होतं. रात्री तो जागा असायचा. माझ्या झोपेची हसरी-रडकी तोंडं तो त्या जागरणात पाहायचा! गोळी सुरू झाली आणि काही दिवस कामाला हात लावायचा नाही, असं डॉक्टरांनी बजावलं.

परत येताना मी विचारलं, "तुह्या हातातबी घडी असते न? माह्यापेक्षा महागाची. तिनं काई सांगितलं नाई?"

"सांगत होती. सारखी वाजे. मीटिंगमध्ये अडचन होते, म्हनून बंद केली."

माझं वाजणं त्याने बंद केलं नव्हतं. स्वतःचं केलं होतं. मला त्याला खूप काही ऐकवायचं होतं, जाऊने तर गाडीतच सुरुवात केली असती. पण तो खिडकीला डोकं टेकून झोपला होता, तोंड उघडं टाकून, लहानपणी बैलबंडीत झोपायचा तसा. मी नाडीबिडी काही पाहिली नाही. नुसती बसून राहिले.

तो थोडे दिवस गावात राहिला. पहिले दोन दिवस त्याचा हात सारखा खिशाकडे जायचा. हापशीजवळ रेंज येते म्हणून तिथं जाऊन येरझाऱ्या घालायचा. बाया पाणी भरायला येत, म्हणत, "आईसंग अदलाबदल झाली का गा? तेबी अशीच नुसती चालत होती." मग हळूहळू तो बांधीकडे जायला लागला. त्याची बायको, म्हणजे माझी सून, फोनवर म्हणाली, "आई, त्यांना ठेवून घ्या जरा." ठेक्याचा विषय कोणी काढला नाही. जायच्या दिवशी मी पाहिलं, बॅग परत माळ्यावर होती. मी ठेवली नव्हती.

घड्याळ मी अजून घालते. ते म्हणेल त्यावर विश्वास ठेवत नाही एवढंच. जाऊच्या बोलण्यासारखं ऐकते, हसते, आणि कधी कधी त्यातलं एखादं खरं निघतं. फोन आधी मी करते आता. त्याचा आकडा विचारते. तो "ठीक आहे" म्हणतो आणि मी त्याच्या आवाजावरून ओळखते की गोळी घेतली की नाही.

यंदा मी वाकणार नाही. गुडघ्यांनी सांगितलं आणि मी मानलं. धुऱ्यावर बसून बाकीच्यांच्या चुका काढायचं काम मला छान जमतं. शेवटच्या दिवशी लोळवायला मालक मात्र लागतो, आणि मालक आता तो आहे, असं बायांनी ठरवून टाकलंय. परवा त्याचा फोन आला.

"आई, शेवटचा दिवस रविवारी ठेवता येईन का? मले सुट्टी राहते."

"धान काय तुही सुट्टी पाहून वाढते का रे? परे तयार झाले की रोवणी. तू ऑफिसात सांग."

"काय सांगू? चिखलात लोळाले जातो म्हनून?"

"हो," मी म्हटलं. "तसंच सांग."